एकसष्टावं पान

लोस्कुतोव : ज्यांनी फर्मान काढलं की चंद्रावर माणूस उतरवा, त्यांनीच आता फर्मान काढलंय की असं फर्मान कधी निघालंच नव्हतं. खोटारडे आहेत. वर खोटं बोलायचं त्यांनी आणि जाळायला बसायचं आम्ही!

ग्लाफिरा : हळू बोला. आणि मधे बोलू नका, मोजणी चुकते माझी. सत्तावन्न, अठ्ठावन्न...

(१९७४चा सप्टेंबर, दुपार. मॉस्कोजवळच्या एका रॉकेट कार्यालयातली गुप्त दफ्तराची खोली. ग्लाफिरा निकोनोव्हना ही दफ्तर सांभाळणारी. इनोकेंती साव्विच लोस्कुतोव हा अभियंता आपली शेवटची वही जाळण्यासाठी जमा करायला आला आहे. पुरवठा खात्यातला रेम तारासोविच कागदनाश समितीचा सदस्य आहे. त्याला आतला मजकूर बघायची परवानगी नाही, म्हणून तो भिंतीकडे तोंड करून बसला आहे.)

ग्लाफिरा : एकोणसाठ. साठ. बासष्ट.

रेम : हं. पुढं.

ग्लाफिरा : साठ... बासष्ट.

रेम : अहो बाई, ऐकलं मी. पुढं चला की. भट्टीवाला चारला जातो. उद्यापासून त्यालाही बटाटे काढायला शेतावर धाडलंय.

ग्लाफिरा : एकसष्टावं पान नाही.

लोस्कुतोव : नाही म्हणजे?

ग्लाफिरा : म्हणजे वहीत नाही. दोरा शाबूत, लाखेवरचा शिक्का शाबूत, पान नाही. इनोकेंती साव्विच, पान कुठं आहे?

लोस्कुतोव : मला काय माहीत? संध्याकाळी पेटीत वही ठेवायची, पेटीला दोरी, दोरीला मेण, मेणावर माझा शिक्का. सकाळी तुम्ही शिक्का तपासून पेटी द्यायच्या. दहा वर्षं हेच केलं. संडासला जातानासुद्धा वही तुमच्याकडे देऊन जात होतो.

ग्लाफिरा : शेवटच्या पानावर काय लिहिलंय वाचा. 'या वहीत दोरा ओवलेली व क्रमांक घातलेली सत्त्याण्णव पानं आहेत.' खाली सही. सत्त्याण्णव असली तरच मी जाळू शकते. शहाण्णव जाळता येत नाहीत.

लोस्कुतोव : का? शहाण्णव पानं पेट घेत नाहीत?

ग्लाफिरा : चेष्टा नको.

रेम : साव्विच, चेष्टेची वेळ नाही ही. गुप्त कागद गहाळ म्हणजे आठ वर्षं. सायबेरियात लाकडं तोडाल. काय होतं हो त्या पानावर? म्हणजे सांगू नका मला. नुसतं महत्त्वाचं होतं का, तेवढं सांगा.

लोस्कुतोव : जी गोष्ट झालीच नाही, तिच्यातलं महत्त्वाचं आणि बिनमहत्त्वाचं कसं ठरवायचं? पेपरात तर आलंय, आम्हाला चंद्रावर माणूस पाठवायचाच नव्हता. आम्ही पहिल्यापासून यंत्रं पाठवणारे, शहाणे लोक. मग हे पान हरवलं तर कुणाचं हरवलं?

रेम : असं बोलू नये. भिंतीला...

लोस्कुतोव : भिंतीला तुमचेच कान लागलेत, तारासोविच. तासभर तोंड तिकडंच आहे तुमचं.

ग्लाफिरा : साठाव्या पानावर काय होतं ते सांगा. मला परवानगी आहे. रेम तारासोविच, कान झाका.

रेम : झाकले.

लोस्कुतोव : साठाव्या पानावर माणूस उताणा पडतो.

ग्लाफिरा : कुठं पडतो?

लोस्कुतोव : चंद्रावर, दुसरीकडं कुठं? आता पहिल्यापासून ऐका, म्हणजे कळेल कुणी काय केलं. चौसष्टात ठरलं तेव्हा तीन अजस्र रॉकेटं उडवणार होते. वर आभाळात जोडणार होते. झोकात होतं सगळं. मग कुणीतरी मोठ्या टेबलामागून म्हणालं, तीन कशाला, एकात बसवा. क्रांतीचा पन्नासावा वाढदिवस सदुसष्टात, त्याला चंद्र हवा. केकवर लावायला. तर एकात बसवलं. एकात बसवल्यावर वजन मावेना. मग जाणाऱ्या तिघांचे दोघं झाले. तरी मावेना. मग दोघांतला एकच खाली उतरणार. दुसरा वर घिरट्या घालत वाट बघणार.

ग्लाफिरा : त्यात तुमचं काय?

लोस्कुतोव : अहो, तिथंच तर माझं काम निघालं! दोघं उतरले असते तर एक पडल्यावर दुसऱ्यानं हात दिला असता. अमेरिकेच्या लोकांना हा प्रश्न पडलाच नाही, त्यांचे दोघं उतरले. आमचा एकटा. अंगात तो शंभर किलोचा पोशाख, पाठीवर हवेची पेटी. पाय घसरून पाठीवर पडला तर उलटलेल्या कासवासारखा हातपाय हलवत पडून राहणार. मदतीला कोण येणार? साहेबांनी बोलावून सांगितलं, 'लोस्कुतोव, तू लेथवरून आलास, रात्रशाळेत शिकलास, तुला डोकं आहे. हा माणूस उठला पाहिजे.'

ग्लाफिरा : आणि?

लोस्कुतोव : पोशाखाला मागून एक कडं लावलं. पोरी कमरेला फिरवतात तसलं. पडला तर कड्यावर लोळायचं, कुशीवर यायचं, गुडघा टेकायचा, उठायचं. तळघरात मला दोरीनं टांगून, वजन सहावा हिस्सा करून, पाडायचे. दोनशे अकरा वेळा पडलोय मी चंद्रावर. दोनशे अकरा वेळा उठलोय. बायको विचारायची, पाठ का काळीनिळी? काय सांगणार? कार्यालयात घसरलो म्हणून सांगायचो. तिला वाटायचं, दारू पितो.

रेम : झालं का? हात दुखले माझे.

ग्लाफिरा : झाकूनच ठेवा. मग बासष्टाव्या पानावर?

लोस्कुतोव : उठून उभा आहे.

ग्लाफिरा : म्हणजे कसा उठला, ते एकसष्टाव्यावर होतं. आणि नेमकं तेच गेलं. कुणाला विकलंत?

लोस्कुतोव : कुणाला विकणार, बाई! पडलेल्या माणसाला उठवायची विद्या? आपल्याकडे तिला गिऱ्हाईक असतं तर... जाऊ दे. इकडे द्या वही. नाही, हातात देऊ नका, तुम्हीच धरा आणि वाचा. साठाव्याची शेवटची ओळ.

ग्लाफिरा : 'डाव्या कोपराचा जोर कड्याच्या'

लोस्कुतोव : आता बासष्टाव्याची पहिली.

ग्लाफिरा : 'खालच्या कडेवर देऊन चौदा सेकंदांत कुशीवर येता येतं.'

लोस्कुतोव : मधे काही राहिलंय?

ग्लाफिरा : ...वाक्य जुळतंय.

लोस्कुतोव : जुळतंय ना? आता मला सांगा, वही कशी बांधतात? कागद दुमडायचा, मधे दोरा घालायचा. एक कागद दुमडला की पानं किती?

ग्लाफिरा : दोन.

लोस्कुतोव : चाळीस दुमडले तर?

ग्लाफिरा : ऐंशी.

लोस्कुतोव : मग एवढंच सांगा. किती कागद दुमडले म्हणजे सत्त्याण्णव पानं होतात?

ग्लाफिरा : सत्त्याण्णवचे निम्मे म्हणजे...

लोस्कुतोव : मोजा, मोजा. साडेअठ्ठेचाळीस.

ग्लाफिरा : अर्धा कागद दुमडता येत नाही.

लोस्कुतोव : येत नाही. वहीत पहिल्या दिवसापासून शहाण्णवच पानं आहेत. साठानंतर कुणीतरी बासष्ट घातलं आणि शेवटी आकडा बघून सत्त्याण्णव लिहिलं. पान हरवलं नाही. पान कधी नव्हतंच. अगदी आपल्या चंद्रासारखं.

रेम : कुणी क्रमांक घातले? अक्षर कुणाचं?

ग्लाफिरा : तुम्हाला कान झाकायला सांगितलं होतं.

रेम : सत्त्याण्णव ऐकून आपोआप उघडले. अक्षर कुणाचं, बाई?

ग्लाफिरा : माझं.

रेम : अरे देवा. म्हणजे, देव नाही, पण अरे देवा.

ग्लाफिरा : चौसष्टच्या ऑगस्टमध्ये ठरलं आणि सोमवारपर्यंत तीनशे वह्या हव्या होत्या. त्याशिवाय कुणाला गणित सुरू करायची परवानगी नव्हती. सगळे दारात रांग लावून उभे. चंद्र अडलाय म्हणे, लवकर करा! दोन दिवसांत एकोणतीस हजार पानांवर आकडे घातले मी. बोटाला फोड आला, डाव्या हातानं लिहिलं. मधे टेलिफोन वाजला असेल. किंवा डोळा लागला असेल.

लोस्कुतोव : मी तुम्हाला बोल लावत नाही, ग्लाफिरा निकोनोव्हना. घाई कुणी केली, ते मला ठाऊक आहे. त्याच घाईत रॉकेटची तीस इंजिनं जमिनीवर एकत्र पेटवून पाहायची राहिली. चारदा उडवलं, चारही वेळा खाली आलं. त्यापुढं एक आकडा म्हणजे काय!

ग्लाफिरा : पण दरवर्षी मार्चमध्ये तपासणी झाली. समिती बसली, पानं मोजली. हे बघा, सह्यांचे दहा तक्ते, प्रत्येकावर तीन सह्या. 'सत्त्याण्णव पानं समक्ष मोजली.' पासष्ट, सहासष्ट... रेम तारासोविच, यात सात सह्या तुमच्या आहेत.

रेम : असतील.

लोस्कुतोव : म्हणजे एकसष्टावं पान तुम्ही सात वेळा पाहिलंय?

रेम : पाहिलं असणार.

लोस्कुतोव : काय होतं त्यावर?

रेम : आकडे... हे बघा, मला मजकूर बघायची परवानगी नाही. मी तोंड फिरवूनच मोजणार. बाई म्हणायच्या 'सत्त्याण्णव', मी म्हणायचो 'बरोबर'. नियमच तसा आहे.

लोस्कुतोव : आणि तुम्ही, बाई?

ग्लाफिरा : मी... शेवटच्या पानावरचा दाखला वाचायचे. दाखल्यावर शिक्का होता. शिक्का असल्यावर परत कशाला मोजायचं?

लोस्कुतोव : वा! ज्याला दिसतं तो मोजत नाही, जो मोजतो त्याला बघायची बंदी. आणि मी विचार करत होतो की आपण चंद्रावर का पोचलो नाही.

रेम : हसण्यावारी नेऊ नका. त्यातल्या दोन सह्या आताच्या संचालकसाहेबांच्या आहेत. पान नव्हतंच असं बाईंनी लिहिलं, तर दहा वर्षांत तीस खोट्या सह्या झाल्या असं होतं. कितीतरी घरं बसतील. पण पान होतं आणि मार्चनंतर हरवलं असं लिहिलं, तर फक्त एक.

लोस्कुतोव : एक म्हणजे मी.

रेम : मला वाईट वाटतं, साव्विच. खरंच वाटतं. पण हिशेब बघा. तुमची बायको गेली, मुलगी लग्न होऊन पार व्लादिवोस्तोकला. तिकडून तुम्हाला भेटायलाही जवळ पडेल तिला. बाईंचा तर दोनच वर्षांनी निवृत्तीचा वाढदिवस. त्यांना कशाला? बाई, हे घ्या पेन, लिहा. 'अभियंता लोस्कुतोव यांच्या निष्काळजीपणामुळे...'

ग्लाफिरा : पेन खाली ठेवा.

रेम : मी सांगतो, तुम्ही फक्त...

ग्लाफिरा : ठेवा म्हटलं ना! मी बावीस वर्षं या खोलीत आहे. या माणसाची पेटी मी अडीच हजार वेळा उघडली असेल, शिक्का कधी पुसट नव्हता. मी लिहिणार नाही.

रेम : मग तुमचं नाव लिहावं लागेल.

ग्लाफिरा : पान हवंय ना तुम्हाला?

रेम : सगळ्यांनाच हवंय.

ग्लाफिरा : चौसष्टच्या त्याच गठ्ठ्यातल्या दोन कोऱ्या वह्या आहेत कपाटात. तोच करडा कागद. पान मी काढून देते. आकडा माझाच, तीच जांभळी शाई. मजकूर इनोकेंती साव्विच लिहितील. मग ते पान वहीत होतं. मग सत्त्याण्णव झाली. मग जाळा.

लोस्कुतोव : थांबा, नीट समजून घेऊ द्या. जी मोहीम नव्हती, तिच्या वहीतलं जे पान नव्हतं, ते आता बनवायचं. का, तर ते नष्ट केल्याचा दाखला देता यावा म्हणून.

ग्लाफिरा : हो.

लोस्कुतोव : आणि तो दाखला?

रेम : तोही जाळायचाय. शुक्रवारी. तसा तोंडी आदेश आहे.

ग्लाफिरा : काय? दाखला जाळायचा? मला कुणी सांगितलं नाही.

रेम : आता सांगतोय ना. दाखले, नोंदवह्या, तुमचं हे सगळं कपाट. तुम्हा सगळ्यांच्या नोकरीच्या पुस्तकातसुद्धा दुरुस्ती होणार आहे. चौसष्ट ते चौऱ्याहत्तर, घरगुती भांडी विभाग. तळमजल्यावर ॲल्युमिनियमची पातेली बनतातच की, तेव्हा अगदीच खोटं नाही.

लोस्कुतोव : ऐकलंत, ग्लाफिरा निकोनोव्हना? दहा वर्षं पातेली केली आपण. मी पातेल्याला कडं लावत होतो.

ग्लाफिरा : माझ्या नोंदवह्या... एकही खाडाखोड नाही त्यांत.

रेम : म्हणून तर छान जळतील. चला, करा काय ते. मी खाली जाऊन भट्टीवाल्याला थोपवतो. कोबीचा समोसा देतो त्याला माझ्यातला. लवकर लिहा, साव्विच. आकडे लिहा म्हणजे कुणाला कळणार नाही.

लोस्कुतोव : गेला. बरं, द्या पान.

ग्लाफिरा : घ्या. एकसष्ट घातलंय. या वेळी नीट बघून.

लोस्कुतोव : काय लिहू?

ग्लाफिरा : काहीही. दहा मिनिटांत राख होणार आहे.

लोस्कुतोव : साठाव्यावर माणूस पडलाय, बासष्टाव्यावर उभा आहे. मधली चौदा सेकंदं माझ्याकडं आहेत. एवढी मोकळीक मला या कार्यालयात कधी मिळाली नाही... हं. झालं. वाचा. तुम्हाला वाचल्याशिवाय घेता येत नाही ना?

ग्लाफिरा : 'प्रति : ज्यांनी मला इथं पाठवलं, त्यांना. मी उताणा पडलो आहे. वर पृथ्वी दिसते, तुम्ही दिसत नाही. माझ्यासाठी आधीच इथं एक जादा यान आणून ठेवायचं ठरलं होतं, माझं बिघडलं तर चालत तिथवर जायचं. ते कुठं आहे? उठायचं कसं ते मला शिकवलं आहे, मी उठेन. पण उठून कुणाकडे बघू? तुम्ही खाली सांगता आहात की इथं कुणी यायचंच नव्हतं.' ...इनोकेंती साव्विच, हे काय लिहिलंत?

लोस्कुतोव : खरं.

ग्लाफिरा : ते जाऊ द्या. वर 'प्रति' लिहिलंय तुम्ही. आत प्रश्न आहेत.

लोस्कुतोव : मग?

ग्लाफिरा : मग हे टिपण राहिलं नाही. हे पत्र झालं. पत्र जाळता येत नाही.

लोस्कुतोव : बाई, आता तुम्ही...

ग्लाफिरा : नियम आहे. ज्या कागदावर 'प्रति' आहे आणि प्रश्न आहे, तो आवक नोंदवहीत चढवायचा, ज्याला लिहिलाय त्याच्याकडे पाठवायचा, तीस दिवसांत उत्तर मागवायचं. उत्तर चिकटवल्याशिवाय कागद नष्ट करणं हा गुन्हा आहे.

रेम : आलो! भट्टीवाला पाच मिनिटं थांबतोय. तोंड फिरवलंय मी. झालं का पान?

ग्लाफिरा : झालं. शहाण्णव पानं भट्टीत जातील. एकसष्टावं आवक-जावकमध्ये गेलं. एकूण सत्त्याण्णव. बरोबर?

रेम : बरोब... थांबा. आवक-जावकमध्ये म्हणजे?

ग्लाफिरा : ते पत्र आहे. वरच्यांना लिहिलेलं.

रेम : वर? किती वर? बाई, फाडा ते! आत्ताच्या आत्ता फाडा!

ग्लाफिरा : क्रमांक घातलेलं गुप्त पान फाडायचं? त्याला आठ वर्षं असतात. तुम्हीच म्हणालात.

रेम : मग जुनं नाही म्हणून सांगा. आज लिहिलं म्हणून सांगा!

ग्लाफिरा : असं कसं सांगता येईल? हे पान चौसष्टपासून वहीत आहे. तुम्ही सात वेळा समक्ष पाहिलंय. संचालकसाहेबांनी दोनदा. तीस सह्या आहेत. एवढे साक्षीदार तर खऱ्या पत्रालाही मिळत नाहीत.

लोस्कुतोव : रेम तारासोविच, खाली बसा. तोंड भिंतीकडे असलं तरी बसता येतं.

रेम : तुम्ही मला बुडवलंत. तुम्ही सगळ्यांना बुडवलंत. ही बाई... शिक्का मारला का तिनं?

ग्लाफिरा : मारला. आवक क्रमांक चार हजार बारा. वही घेऊन खाली जा, भट्टी थंड होते आहे.

रेम : जातो. मी काही ऐकलं नाही. मी भट्टीजवळच होतो, समोसा खात.

लोस्कुतोव : ग्लाफिरा निकोनोव्हना, दोन वर्षं राहिली होती तुमची.

ग्लाफिरा : ते मी बघेन.

लोस्कुतोव : तुम्हाला काढून टाकतील. मलाही. कदाचित आणखी काही.

ग्लाफिरा : काढायचं तर कारण लिहावं लागेल. कशाबद्दलचं पत्र, ते लिहावं लागेल. चंद्र हा शब्द त्यांना स्वतःच्या हातानं लिहावा लागेल. लिहू दे.

लोस्कुतोव : आणि तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर?

ग्लाफिरा : एकतिसाव्या दिवशी स्मरणपत्र. मग दर दहा दिवसांनी एक. मी या खोलीत असेपर्यंत. आता इकडे लक्ष द्या. नोंदवहीत विषयाच्या रकान्यात एकच ओळ मावते. प्रश्न थोडक्यात सांगा.

लोस्कुतोव : लिहा. तिथं माणूस पाठवायचा होता की नव्हता? हो किंवा नाही, एवढंच कळवावं.